शर्यतींचा शनिवार-रविवार: वाढत्या पोरांच्या स्की आणि एक उसना पोल

मंडळी, ही नोंद थिओडोर वर्थ पार्कमधल्या क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या, म्हणजे बर्फावर चढ-उतार स्कीवरून कापायच्या शर्यतींच्या, दोन दिवसांची. शनिवारी क्लासिक (दोन्ही स्की समांतर खाचांत), इंटरव्हल स्टार्ट, म्हणजे एकेक जण सुटतो. रविवारी स्केट (स्की तिरप्या ढकलत), मास स्टार्ट, म्हणजे सगळे एकदम. आमच्या क्लबची दहा ते चौदा वर्षांची पोरं ट्रॅकवर, आणि वॅक्सच्या, म्हणजे स्कीच्या तळाला लावायच्या मेणाच्या, टेबलामागे आम्ही काही पालक. घरी इथं सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात, पण वॅक्सच्या डब्यांवर सेल्सियस छापलेलं असतं, म्हणून खाली सगळे आकडे सेल्सियसमध्येच.

मिनेसोटात न राहणाऱ्यांसाठी थोडं जागेबद्दल. हे मिनियापोलिस शहराच्या कडेलाच असलेलं सार्वजनिक उद्यान आहे. चढावर धापा टाकत मान वर केली की डाउनटाउनच्या इमारती दिसतात. १७ आणि १८ फेब्रुवारी २०२४ ला इथं या खेळाचा वर्ल्ड कप झाला, अमेरिकेत २००१ नंतर पहिल्यांदा. त्या हिवाळ्यात बर्फाचा पत्ता नव्हता, सगळी शर्यत यंत्राने बनवलेल्या बर्फावर झाली. दुसऱ्या दिवशीच्या १० किमीत अलास्काच्या गस शूमाखरनं सगळ्यांना गार केलं, आणि महिलांत आमच्या आफ्टन गावची जेसी डिगिन्स तिसरी आली. आमच्या क्लबातली बरीच पोरं तेव्हा कुंपणाला लटकून घसा बसेपर्यंत ओरडत होती. तेव्हापासून जेसीसारखी गालाला चमकी लावल्याशिवाय एकही मुलगी स्टार्टला जात नाही, आता तर दोन मुलगेही लावतात.

शुक्रवार, गॅरेज

या वेळचं खरं काम शुक्रवारीच झालं. लेक तेरा वर्षांची आहे. ऑक्टोबरात स्की घेतल्या तेव्हापासून तिचं वजन चार किलोनं वाढलंय, उंचीही. तिच्या वयाला ते साहजिकच, पण क्लासिक स्कीला ते कळतं. क्लासिक स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर उभं राहिलं की ती कमान बर्फाला टेकता कामा नये, आणि एका पायावर पूर्ण दाब दिला की टेकलीच पाहिजे. टेकते त्या भागाला आपण पॉकेट म्हणतो आणि तिथंच किक वॅक्स, म्हणजे पाय मागं ढकलताना बर्फ धरणारं वॅक्स, लावतो. वजन वाढलं की कमान आधीच दबते, वॅक्स घसरतानाही बर्फाला घासत राहतं, आणि पोरगी उतारावर मागं पडायला लागते. गेले दोन आठवडे हेच चाललं होतं. कोच म्हणत होते तंत्र बिघडलंय, लेक म्हणत होती वॅक्स भिकार आहे, म्हणजे माझं.

कागदाची चाचणी केली. सपाट फरशीवर दोन्ही स्की, तिला बुटांसकट उभं केलं, आणि स्कीखाली कागदाची पट्टी पुढं-मागं सरकवली. ऑक्टोबरात पट्टी जिथपर्यंत मोकळी जात होती त्या पेन्सिलच्या खुणा स्कीच्या कडेला होत्याच. या वेळी पुढची खूण तब्बल चार बोटं मागं आली. मग दोन गोष्टी केल्या. वॅक्सचा पट्टा पुढून तेवढाच आखूड केला, आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकतो तो भाग, पट्टीवर एक खाच मागं सरकवलं. बाइंडिंग मागं घेतलं की ग्लाइड, म्हणजे घसरण, वाढते, पुढं घेतलं की पकड. किल्ली फिरवायला मिनिटभर लागतं, पण हे माहीत असलेले पालक क्लबात फारच थोडे निघाले.

उलटं उदाहरणही टेबलावर होतंच. संघातला एक चणीनं लहान मुलगा मोठ्या भावाच्या स्कीवर उतरतो. त्याचा कागद एका पायावर उभं राहिल्यावरही मोकळा सरकत होता. कमान टेकतच नाही, मग त्याला कितीही चिकट वॅक्स लावा, पाय मागं सटकणारच. आणि पाय सटकला की पोरं चटकन हातांवर येतात, नुसते पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, मारत सुटतात. ती सवय मोडायला पुढं दोन हिवाळे जातात.

म्हणून माझं ठाम मत: बारा वर्षांखाली स्किन स्कीच द्याव्यात. खाली मोहेरच्या (अंगोरा शेळीच्या केसांच्या) पट्ट्या असतात, वॅक्स नाही, कटकट नाही, पाय रोज सारखाच धरतो. क्लबातले जुने लोक म्हणतात, वॅक्सवर शिकलेल्या पोराला बर्फ कळतो. कळत असेल, पण ज्याच्या पायाखाली पकडच नाही त्याला काय डोंबल कळणार?

शनिवार, क्लासिक

सकाळी उणे अकरा, दुपारी उणे पाचचा अंदाज. रात्री दोन बोटं नवा बर्फ पडलेला आणि ग्रूमरनं (ट्रॅक दाबून तयार करणाऱ्या यंत्रानं) तो खालच्या कृत्रिम बर्फात मिसळून ट्रॅक पाडलेले. वॅक्स लावणाऱ्याला यापेक्षा वाईट काही नको. यंत्राचा बर्फ म्हणजे गोठलेल्या थेंबांचे गोल, कडक दाणे, ते पॉलिश पेपरसारखे वॅक्स खरवडून नेतात. ताज्या बर्फाचे स्फटिक टोकदार, ते मऊ वॅक्समध्ये रुततात आणि स्कीला गोळे धरतात. एकाला टिकाऊ वॅक्स हवं, दुसऱ्याला कडक, आणि दोन्ही एकाच ट्रॅकवर.

त्यावर उपाय ठरलेला आहे. आधी बाइंडरचा, म्हणजे वरचं वॅक्स धरून ठेवणाऱ्या चिकट वॅक्सचा, पातळ थर, इस्त्रीनं बसवलेला. तो बाहेर पूर्ण गार होऊ द्यायचा, आणि त्यावर कडक वॅक्सचे चार-पाच थर, प्रत्येक थर बुचानं घासून गुळगुळीत. थर म्हणजे पोळीला तूप लावतो तेवढाच, दिसेल न दिसेल असा. बहुतेक नवे पालक जाडच लावतात आणि मग स्कीला आठ-दहा मीटरवरच बर्फ चिकटतो. दुसरं म्हणजे घाई. गरम खोलीतली स्की थेट बर्फावर टेकवली की तळाला बर्फाची साय धरते आणि पोराला वाटतं वॅक्स चुकलं. बाहेर रॅकवर पंधरा मिनिटं उभी ठेवलीच पाहिजे.

अंडर-१२ चा स्टार्ट दहाला होता, त्यांना निळं (वॅक्सचा रंग म्हणजे त्याचं तापमान: निळं थंडीचं आणि कडक, जांभळं त्याहून मऊ). अंडर-१४ सव्वाअकराला, तोवर ऊन चढून ट्रॅकच्या कडा चकाकायला लागल्या होत्या. कोचनी चाचणीसाठी दोन जोड्या ठेवल्या होत्या, एकावर एक्स्ट्रा निळं, दुसरीवर जांभळं. जांभळं झाडांच्या सावलीतल्या ताज्या पट्ट्यात लगेच गोळे धरायला लागलं, म्हणून एक्स्ट्रा निळ्यावर शिक्कामोर्तब. कडक वॅक्सवर मऊ बसतं, मऊवर कडक नीट बसत नाही. शंका असली तर थंडाकडून सुरुवात करायची, नाही धरलं तर वर मऊ चढवायचं.

तीस-तीस सेकंदांनी एकेक जण सुटत होता. मी स्टार्टला थांबलो नाही, थेट शेवटच्या चढाच्या माथ्यावर गेलो. वॅक्स बरोबर बसलंय की नाही ते तिथं कानांनी कळतं. पाय धरला की एक दबका ‘च्यक’ येतो, सटकला की ‘फर्र’. आमच्यातली बहुतेक पोरं च्यक-च्यक करत वर आली. लेकीनं चढ पूर्ण डायगोनलमध्ये (चालल्यासारखं एकेक पाय-हात टाकत) काढला, एकदाही हेरिंगबोनवर (स्की व्ही-आकारात फाकवून चढणं) गेली नाही. खरी गंमत मात्र पुढच्या उतारावर झाली. गेल्या शर्यतीत तिथं जिच्या मागं पडली होती तीच मुलगी पुढं होती, आणि या वेळी दोघी टकमध्ये (अंग दुमडून खाली वाकून) सरळ रेषेत, अंतर तेवढंच राहिलं. उतरल्यावर ती धापा टाकत एवढंच म्हणाली, “बाबा, ब्रेक लागत नव्हता.” निकाल यादीच्या वरच्या अर्ध्यात. लहान चणीचा तो मुलगा शेवटून दुसरा, पण कोचच्या मुलाची स्किन स्की मिळाल्यामुळे हसत आला.

ग्लाइडच्या, म्हणजे घसरण वाढवणाऱ्या, वॅक्सचं फार लिहीत नाही. सगळ्यांना एकच वॅक्स, इस्त्री, स्क्रेपर, नायलॉनचा ब्रश. २०२३-२४ च्या मोसमापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं फ्लोरिनयुक्त वॅक्सवर पूर्ण बंदी घातली, आणि पालक म्हणून मला तरी हायसं वाटलं. एवढ्याशा डबीला शंभराच्या वर डॉलर मोजायचे, मास्क लावून इस्त्री करायची, आणि ती न विघटणारी रसायनं शेवटी पार्कातल्या तळ्यात जाणार. बारा वर्षांच्या पोराच्या पाच किमीसाठी हे सगळं कशाला, हा प्रश्न तेव्हाही होताच.

खाण्याबद्दल एक टीप. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून तंबूत तिळाचे लाडू नेले. उणे अकराला ते असे झाले की एका पोरानं स्की पोलच्या मुठीनं फोडून खाल्ला. जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवले की बरे राहतात. शर्यतीनंतर मात्र त्यांना तोड नाही, कॅनडातून आलेल्या एका कोचनी चार नेले. साताऱ्याहून सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचा नेहमीचा प्रश्न, “पडली का?” नाही म्हटल्यावर थोडे नाराज झाले.

रविवार, स्केट

उणे सतरा. उणे वीसच्या खाली गेलं तर शर्यत होत नाही, म्हणून सकाळपासून सगळ्यांचे डोळे थर्मामीटरवर. झाली एकदाची. इतक्या थंडीत बर्फ वाळूसारखा, ग्लाइड नावालाच, सगळं दमावर.

मास स्टार्टचे पहिले पन्नासेक मीटर समांतर ट्रॅकमध्ये फक्त डबल पोलिंग (दोन्ही पोल एकदम मारत पुढं जाणं) असतं, म्हणजे पोरं एकमेकांच्या पायात येत नाहीत. ती हद्द संपली की सगळे एकदम स्केटला फाकतात आणि पोल कोणाच्या तरी स्कीखाली जातोच. या वेळी आमच्याच एकीचा गेला, टोकाजवळच्या चकतीच्या वर काडकन मोडला. आमचा सुटा पोल घेऊन उभा असलेला माणूस दोनशे मीटर पुढं. तेवढ्यात दुसऱ्या क्लबचे कोच धावत आले आणि त्यांनी आपल्या हातातला पोल तिच्या हातात कोंबला. चांगला वीतभर लांब. एक हात खांद्याच्या वर, एक खाली, अशी ती चढापर्यंत गेली आणि तिथं तिला तिच्या मापाचा मिळाला.

नियमात हे बसतं. पोल कोणाकडूनही घेता येतो. जुन्या लोकांना २००६ चं तूरिन ऑलिंपिक आठवत असेल. टीम स्प्रिंटमध्ये कॅनडाच्या सारा रेनरचा पोल मोडला आणि नॉर्वेचे कोच ब्यॉर्नार होकेन्समोएन यांनी तिला आपला दिला. कॅनडाला रौप्य मिळालं, नॉर्वे चौथा. पुढं कॅनडातून त्यांच्याकडे मेपल सिरपच्या डब्यांची रीघ लागली. आमच्याकडे मेपल सिरप नव्हतं. उरलेले लाडू त्या कोचना दिले, आणि पोल परत.

लेकीची स्केट ठीकठाक. चढावर व्ही-वन (दोन पावलांना एकदा पोल) छान, पण सपाटीवर व्ही-टू (प्रत्येक पावलाला पोल) दहा-बारा पावलांनंतर मोडतं, डाव्या स्कीवर ती पूर्ण तोलून उभीच राहत नाही. हे घरात मोज्यांवर एका पायावर उभं राहूनही सुधारता येतं. दात घासताना करायचं असं ठरलंय, बघू किती टिकतं.

पुढच्या आठवड्यात

मंगळवारच्या सरावाला वजनकाटा आणि कागद घेऊन जाणार, संघातल्या प्रत्येक पोराच्या पॉकेटच्या खुणा नव्यानं काढायच्या. कोच तयार आहेत. लेकीसाठी एका नंबरानं जास्त कडक जोडी वापरलेल्यातली शोधतोय. तिची सध्याची जोडी त्या लहान चणीच्या मुलाला जवळपास बसते. त्याच्या आईशी बोलणं झालंय, बाइंडिंग दोन खाचा पुढं घेतलं की पकड मिळावी. नाहीच जमलं तर त्याला उरलेला मोसम स्किनवरच ठेवू.