बजेट गेमिंग पीसीसाठी प्रोसेसर आणायला गेले आणि "सेमच आहे" ऐकून आले

पीसी घरीच जोडायचा होता, बजेट बेताचं, मॉनिटर साधा १०८०पी. नुसत्या प्रोसेसरसाठी बाजारात अख्खा दिवस गेला, पाय दुखतायत, डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळे आत्ताच लिहून टाकते. सॉकेट म्हणजे काय, पेस्ट किती लावायची एवढं तुम्हाला येतं असं धरून चाललेय, नसेल येत तर आधी ते शिकून मगच बाहेर पडा.

यादीत दोनच नावं होती, रायझन ५ ५६०० नाहीतर इंटेलचा आय५ १२४००एफ. दोन्ही २०२२ चे, दोन्हीला सहा कोर (काम करणारे भाग) बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), दोन्हींसोबत डीडीआर४ रॅम चालते. बजेट ग्राफिक्स कार्ड असेल तर यातला मदरबोर्डासकट जो स्वस्त पडेल तो उचला, रात्र रात्र व्हिडिओ बघून तुलना करत बसू नका.

आता खरी कटकट. फोनवर विचारलं ५६०० आहे का, हो आहे की, या. गेले तर काउंटरवर ५५०० चा डबा. "ताई सेमच आहे, नंबरचाच काय तो फरक, मुलासाठी घेताय ना?" एक तर मुलासाठी नाही, मी खेळते. आणि दुसरं, सेम नाहीये हो! कोर थ्रेड तेवढेच, म्हणून दुकानदार तेवढंच सांगतो. ५६०० ला एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, ३२ एमबी, ५५०० ला १६, कारण ५५०० हा आतून ५६००जी आहे, त्यातलं ग्राफिक्स बंद केलेलं. गेमला सारखा इकडचा तिकडचा डेटा लागतो, तो कॅशमध्ये नसला की रॅमपर्यंत जावं लागतं, तेवढ्यात फ्रेम अडकते. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघून कळत नाही, गर्दीच्या सीनमध्ये झटके बसतात तेव्हा कळतं.

दुसरी गोची पीसीआयई ची, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातल्या रस्त्याची. ५६०० ला ४.०, ५५०० ला ३.०. म्हटलं तर मोठी गोष्ट नाही, पण बजेटवाल्यांनाच ती नडते, कारण आरएक्स ६५०० एक्सटी सारख्या कार्डाला या रस्त्याच्या लेनच चार आहेत आणि मेमरी ४ जीबी. मेमरी भरली की टेक्स्चर त्या चार लेनमधून ओढायचे, आणि ३.० वर तो रस्ता निम्मा होतो. आरएक्स ६६०० ला आठ लेन आहेत आणि मेमरीही दुप्पट, तिथे एवढं जाणवत नाही. आणि हो, बोर्ड बी४५० असेल तर ५६०० लावूनही ३.० च मिळणार, ४.० हवं तर बी५५० घ्या.

हाच खेळ ५७०० आणि ५७००एक्स मध्येही आहे, तिथेही एका अक्षरावर निम्मा कॅश जातो. ४५०० तर बघूच नका, त्याला फक्त ८ एमबी आणि आर्किटेक्चरही जुनं. ५६००जी फक्त एकाच माणसाने घ्यावा, ज्याला कार्ड नंतर कधीतरी घ्यायचंय आणि तोवर डिस्प्ले तर हवाय.

पुढच्या दुकानात ५६०० मिळाला, पण ट्रेमधला, म्हणजे डब्याशिवाय सुटा. स्वस्त वाटला, मग कळलं कूलर वेगळा, पेस्ट वेगळी, वॉरंटी "आमच्याकडून देऊ ना". सगळं मिळून बेरीज डब्यातल्या ५६०० च्या वर गेली, आणि डब्यात कूलर आधीच असतो! सरळ लूट आहे. ट्रे घ्यायचाच असेल तर एएम४ च्या (या रायझनच्या सॉकेटच्या) पिना प्रोसेसरलाच असतात हे लक्षात ठेवा, तिथल्या तिथे मोबाईलचा टॉर्च मारून एकेक ओळ बघा.

"आय५ कशाला, आय७ न्या" म्हणणारेही भेटले. तो आय७ निघाला ३७७०, म्हणजे २०१२ चा, चार कोर, त्यात एव्हीएक्स२ (नव्या गेमना लागणाऱ्या सूचनांचा संच) नाही त्यामुळे काही नवे गेम उघडतच नाहीत, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही तो नाही. नको. बारा कोरवाले जुने झिऑन (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर) कॉम्बो पण नको, गेमला कोरची गर्दी नको असते, प्रत्येक कोर वेगवान लागतो.

शेवटी डबा मिळाला. बिलावर नुसतं "रायझन ५" लिहिलं होतं, पूर्ण नंबर लिहून घेतला तेव्हाच पैसे दिले, तुम्हीही तेच करा. बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर बायोस (बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) तिथेच अपडेट करून मागा, नाहीतर बोर्ड प्रोसेसर ओळखत नाही आणि घरी काळी स्क्रीन. एफवाला, म्हणजे आत ग्राफिक्स नसलेला इंटेल घेतलात तर केबल कार्डालाच लावायची, बोर्डाच्या एचडीएमआय वर काहीही येणार नाही.

जोडणं मजेत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रॅम मात्र दोन काड्या घ्या, एक नको, आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. मग सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडून एल३ बघा. माझ्याकडे ३२ दिसलं आणि मी खुर्चीतून उडालेच, आत्ता कोणी विचारलं तर सांगेन डोळे झाकून ५६०० घ्या, पण डब्यावरचा नंबर मात्र डोळे उघडे ठेवून वाचा.