खाऱ्या पाण्यात बुडालेली गुरखा कॅम्पर: धुलाई, वायरिंग आणि विम्याचा पाठपुरावा

माझी गाडी फोर्स गुरखा, मागे राहण्या-झोपण्याची सोय केलेली कॅम्पर. पावसाळ्यात ती खाडीच्या पाण्यात बुडाली. आता फ्लोअरची आणि मागची वायरिंग नवी पडली, चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) धुऊन कोरडी झाली, विम्याची मुख्य रक्कम मंजूर झाली. आतलं कॅम्परचं काम अजून सुरू व्हायचंय. तोवर इथपर्यंतचं लिहून ठेवतो. पुराचं गोडं पाणी आणि खाडीचं खारं पाणी यांतला फरक मला गॅरेजमध्येही समजावून सांगावा लागला आणि विमा कंपनीलाही. ज्यांच्या गाड्या कोकणात फिरतात त्यांना हे आधीच माहीत असलेलं बरं.

गाडी देवबागला, ओळखीच्या काकांच्या वाडीत उभी होती. मालवणच्या दक्षिणेला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, असं ते गाव आहे. जुलैमधलं अमावास्येचं उधाण, त्यात सोसाट्याचा वारा आणि नदीला पावसाचं पाणी. रात्रीच्या भरतीला नदीकडून पाणी अंगणात शिरलं आणि दाराच्या उंबऱ्यावरून गाडीत, सीटच्या बुडापर्यंत आलं. ओहोटीला उतरलं तेव्हा मॅटखाली बारीक रेतीचा थर होता.

सकाळी काका म्हणाले, "जरा चालू करून बघ रे, लागता काय ती." मी चावी लावलीच नाही. एक कारण तांत्रिक: पाण्यात मीठ असलं की ओल्या कनेक्टरमधून करंट गेला रे गेला, पिना तिथल्या तिथे गंजून झिजायला सुरुवात होते. दुसरं कारण पॉलिसीतलं. आपल्याकडच्या मोटार पॅकेज पॉलिसीत अट असते की नुकसानीनंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर त्यामुळे वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. म्हणून आधी फोटो आणि व्हिडिओ: दाराच्या आतल्या बाजूला उमटलेली पाण्याची रेघ (शेजारी मोजपट्टी धरून), सीटखालचे कनेक्टर, अंगणातला गाळ, शेजारच्या भिंतीवरची तीच रेघ. मग मुख्य बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, कॅम्परची लिथियम बॅटरी सोडवून उघड्यावर, भिंतीपासून लांब ठेवली. मीठपाणी शिरलेल्या लिथियम पॅकला चार्जर लावायचा नाही. ती पुन्हा वापरण्याचा विचार मी तिथेच सोडला.

विमा कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला आणि नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेयरबद्दल लगेच विचारलं, "सर्व्हेयर यायच्या आधी गोड्या पाण्याने धुतली तर चालेल ना?" फोनवरच्या बाई म्हणाल्या, थांबा. मी ई-मेल लिहिला: गाडीचं नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही विमाधारकाची जबाबदारी पॉलिसीतच लिहिली आहे, मी फोटो काढून धुतोय. हा ई-मेल पुढे फार उपयोगी पडला. त्याच दुपारी विहिरीवरच्या पंपाने धुवायला घेतली.

धुण्याबद्दल मी जरा हट्टी आहे, कारण सगळी मेख तिथे आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत पावसामुळे कमी, पण नुकसानीला पुरेसे. पाणी सुकतं, मीठ राहतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराईड तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलं राहतं. कोकणातला पावसाळा डोळ्यासमोर आणा. तिथे मीठ लागलेला पत्रा सप्टेंबरपर्यंत वाळतच नाही. त्यामुळे "उन्हात दोन दिवस ठेवा, सुकेल" हा सल्ला गोड्या पाण्याच्या पुराला ठीक, इथे नाही.

चेसिसच्या पोकळ भागांत निचऱ्याच्या भोकांतून लांब नळी घालून पाणी सोडत राहिलो. प्रेशर वॉशर बेअरिंग आणि कनेक्टरवर मारला नाही, तो मीठ आणखी आत ढकलतो. मीठ गेलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून शाळेतली चाचणी वापरली: सिल्व्हर नायट्रेट. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून द्रावण आणवलं. एका काचेच्या नळीत विहिरीचं पाणी, दुसरीत चेसिसमधून गळलेलं, दोन्हींत दोन-दोन थेंब. क्लोराईड असेल तर पांढरा साका धरतो. विहिरीच्या पाण्यातही थोडा धरतोच, म्हणून तुलना हवीच. पहिल्या दिवशी चेसिसचं पाणी थेंब पडताच गढूळ पांढरं झालं. दोन्ही नळ्या सारख्या दिसेपर्यंत पाणी चालू ठेवलं. हातमोजे आणि चष्मा घाला, त्या द्रावणाचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत.

गाडी फ्लॅटबेडवर कोल्हापूरला नेली, चाकांवर ओढत नाही. तिथे मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. ब्रीदरमधून, म्हणजे त्या डब्याच्या हवेच्या भोकातून, पाणी शिरलं होतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचं ऑइल स्वच्छ निघालं, तरी तेही बदललं. चारही हबची बेअरिंग उघडायला लावली. पुढच्या दोन्हींत ग्रीस करडं झालं होतं.

गॅरेजवाल्यांचा आग्रह होता की लगेच खालून अँटी-रस्ट कोटिंग मारू. मी ठाम नकार दिला. मिठावर कोटिंग मारलं तर मीठ आत कोंडलं जातं आणि पत्रा आतून सडत राहतो. आधी धुणं, मग हीटर लावून वाळवणं, मग पोकळ भागांत मेण. हाच क्रम. मॅटखालचा नमदा तर धुण्याच्या फंदात न पडता फेकून दिला.

खरी लढाई वायरिंगची. सर्व्हेयर साहेब अनुभवी आणि सभ्य, पण पहिला अंदाज नेहमीचा: गंजलेले कनेक्टर कापून नवे जोडा. मी त्यांच्यासमोर सीटखालची एक वायर सोलली. कनेक्टरपासून बोटभर अंतरावर तांबं काळं. पुढे वीतभर सोललं, तरी काळंच. बारीक तारांच्या वायरीत केशाकर्षणाने खारं पाणी इन्सुलेशनच्या आतून वर चढत जातं. बाहेरून वायर नवी दिसते. अशा तांब्यावर जोड टिकत नाही, सोल्डर धरत नाही. त्यांनी स्वतः दुसरी वायर निवडली, सोलली आणि न बोलता फोटो काढला. फ्लोअरची आणि मागची हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) पूर्ण बदलायची नोंद तिथेच झाली. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग प्रणालीचे असतात. त्यांना घरी हात लावू नका, ते काम बॅटरी काढून सर्व्हिस सेंटरमध्येच.

तरीही कंपनीचं पहिलं पत्र आलं ते असं: बेअरिंग आणि ब्रेकच्या भागांवरचा गंज ही झीज आहे, ती पॉलिसीतून वगळलेली. झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, हे खरंच. पण पूर, वादळ आणि पाण्याने वेढलं जाणं हे धोके त्याच पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असतात. प्रश्न एवढाच की हा गंज त्या रात्रीचा आहे की जुना. उत्तर म्हणून जूनमधल्या सर्व्हिसिंगचं बिल आणि तेव्हाचे गाडीखालचे फोटो दिले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातली त्या रात्रीची वेळ आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) उंच लाटांचा इशारा जोडला. तलाठ्यांनी वाडीत केलेला पंचनामा जोडला. त्यात गाडीचा उल्लेख यावा म्हणून काकाच तलाठ्यांच्या मागे लागले होते, त्यांचे उपकार. गाडी समुद्रावर रेतीत चालवायला नेली नव्हती, अंगणात उभी होती, हे सिद्ध करायला या कागदाइतकं दुसरं काही चाललं नसतं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे हे सगळं गेल्यावर बेअरिंग आणि ब्रेक मान्य झाले. नसते झाले तर पुढची पायरी विमा लोकपाल. आपल्या भागासाठी पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला की जाता येतं, मात्र वर्षाच्या आत.

पैशाचं थोडक्यात. प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा लागतो, म्हणजे भाग जुना म्हणून तेवढी रक्कम कापली जाते. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: दुसऱ्या वर्षात १० टक्के, तिसऱ्यात १५, पुढे वाढत जाऊन दहा वर्षांवर ५०. झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) घेतलं असेल तर यातला बराच भाग वाचतो, पण कॅम्परच्या बॅटरीला ते लागू आहे का हे लेखी विचारा. माझ्या पॉलिसीत नव्हतं. १५०० सीसीवरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीची वजावट, ती मालकानेच भरायची. लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि फ्रीज मी पॉलिसी घेतानाच इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीज म्हणून किमतीसह लिहून घेतले होते, बिलं होती, म्हणून ते मोजले गेले. त्याचा जादा हप्ता किमतीच्या ४ टक्के होता. गादी, भांडी आणि सुटे कप्पे सामानात धरले, त्यांचं काही मिळालं नाही. ज्यांनी सीट काढून पक्कं फर्निचर बसवलंय, त्यांनी आरसीवर बदलाची नोंद आहे का ते आजच बघा. नोंद नसेल तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

आता पुढचं काम. सर्व्हेयरकडून लेखी घेतलंय की सहा महिन्यांत याच पाण्यामुळे आणखी भाग गेले तर पुरवणी सर्व्हे होईल. हे मागितलं नाही तर कोणी आपणहून देत नाही. मी दर महिन्याला फ्यूज बॉक्सचे आणि अर्थिंगच्या बोल्टांचे फोटो काढतोय, त्याच कोनातून. नवी बॅटरी सीटखाली न बसवता मागच्या खिडकीच्या पातळीवर बसवायची आहे, वजन वर जातंय म्हणून पट्ट्यांची रचना चालू आहे. डिफरन्शियलच्या ब्रीदरला लांब नळी लावून ती टेललॅम्पच्या मागे नेली. ज्यांनी गुरखात ब्रीदर वर नेलाय त्यांनी नळी कुठून फिरवली त्याचे फोटो टाका, माझी सध्या स्प्रिंगच्या फार जवळून जाते.