ती एक फाइल मी पॅकेजमध्ये का टाकत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न दर वेळी थोड्याफार फरकानं तोच असतो: ‘तुमचं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरचं पॅकेज छान चालतं, पण ईसीडब्ल्यू प्रकारची हवाई फोटोंची फाइल उघडत नाही. ती वाचणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, तर कंपनी फुकट देते. मग आत घालूनच का देत नाही?’ धरमपेठेतला माझा एक मित्र एवढंही सौजन्य पाळत नाही. ‘एवढी एक फाइल टाकाले काय होते बे?’

नागपुरात हा प्रश्न येणारच. इंडियन ब्युरो ऑफ माइन्स इथं, मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय अमरावती रोडला, राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्रही याच शहरात. त्यांच्या अवतीभवती नकाशांवर पोट असलेली बरीच लहान मंडळी आहेत, ड्रोन सर्व्हेवाले आहेत, कॉलेजांच्या लॅब आहेत. अशांसाठी मी क्यूजीआयएस आणि त्याच्या पोटातली, नकाशांच्या फाइली वाचणारी जीडीएएल यांची पॅकेजं, म्हणजे थेट बसवता येतील अशी तयार गाठोडी, बांधतो.

ईसीडब्ल्यू हा मुळात ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या ‘अर्थ रिसोर्स मॅपिंग’ या कंपनीचा फॉरमॅट. आता तो हेक्सागॉनकडे आहे. गुण मान्य करायला हवेत. कित्येक जीबींचा ऑर्थोफोटो (नकाशाच्या मापात बसवलेलं हवाई छायाचित्र) तो अगदी आटोपशीर करून टाकतो आणि झूम करताना अडखळत नाही. पण तो वाचायला त्यांचीच बंद लायब्ररी लागते, आणि तिच्या परवान्यात फुकट आहे ते डेस्कटॉपवरचं वाचन. सर्व्हरवर वापरायची तर वेगळा परवाना, पैसे मोजून.

माझी अडचण इथेच सुरू होते. पॅकेज माझ्या हातून सुटलं की कुठं जाईल ते मी ठरवत नाही. एका लॅबमधून पेनड्राइव्हवर दुसऱ्या लॅबमध्ये जातं, तिथला विद्यार्थी कुठल्याशा कार्यालयात कंत्राटावर लागतो, आणि तेच पॅकेज तिथल्या सर्व्हरवर चढवून तालुक्याचा नकाशा वेबवर लावतो. त्यानं काहीच वावगं केलेलं नाही. जीडीएएल एमआयटी या खुल्या परवान्यावर, क्यूजीआयएस जीपीएल या खुल्या परवान्यावर, दोन्ही सर्व्हरवर बिनदिक्कत चालवावीत अशीच आहेत. पण मी मुकाट्यानं ती लायब्ररी आत सरकवली असती, तर परवाना मोडल्याचा ठपका त्या पोरावर आला असता आणि त्याला त्याचा पत्ताही नसता. शिवाय जीपीएलचा कार्यक्रम आणि बंद लायब्ररी एकाच गाठोड्यात बांधून वाटली, तर जीपीएलच्या बाजूनंही (तो परवाना सोबत जोडलेलंही खुलंच मागतो) प्रश्न उभा राहतो, तो वेगळाच.

लिनक्सवर ही एसडीके, म्हणजे ती लायब्ररी असलेला कंपनीचा संच, बसवताना एक मजा दिसते. कंपनीची फाइल चालवली की आधी प्रकार निवडायचा, मग परवान्याची पानं सरकत जातात, आणि शेवटी ‘यस’ टाइप करायचं. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच डॉकर कृतींमध्ये (सॉफ्टवेअर आपोआप बसवणाऱ्या सूचनांमध्ये) हे ‘यस’ स्क्रिप्टच भरून टाकते. म्हणजे करार झाला, पण केला कोणी? वापरणाऱ्यानं नाही, कृती लिहिणारा तर तिथं हजरही नाही. माझ्या मते हे लायब्ररी चोरून वाटण्यापेक्षा फारसं वेगळं नाही, फक्त जरा सभ्य दिसतं.

मी जगावेगळा शहाणा नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात या भानगडीसाठी ‘कॉन्ट्रिब’ नावाचा स्वतंत्र विभागच आहे: कार्यक्रम स्वतः खुला, पण त्याला लागणारी एखादी वस्तू खुली नाही. मायक्रोसॉफ्टच्या एरियल, टाइम्स वगैरे फॉन्टचं पॅकेज तिथं असतं. त्यात फॉन्ट नसतातच, ते तुमची संमती घेऊन तुमच्याच मशीनवर उतरवून घेणारी स्क्रिप्ट असते. व्हिडिओ हाताळणारा एफएफएमपेग तर आणखी रोखठोक. काही ठरावीक लायब्रऱ्या जोडून बांधायला घ्या, बांधणीआधीच्या ‘कॉन्फिगर’ टप्प्याच्या शेवटी तोच छापतो की हे खुलं नाही आणि वाटताही येणार नाही. सिस्को कंपनीची व्हिडिओची लायब्ररी ओपन-एच-२६४ याहून विचित्र: सोर्स बीएसडी परवान्यावर उघडा पडलेला आहे, पण पेटंटची रॉयल्टी सिस्को भरते ती सिस्कोकडून उतरवलेल्या बायनरीपुरती (बांधून तयार फाइलपुरती). तोच सोर्स मी घरी बांधला तर ते छत्र नाही. म्हणून फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवालेही ती बायनरी सिस्कोच्याच सर्व्हरवरून येऊ देतात.

तर मी काय करतो? ईसीडब्ल्यूचा ड्रायव्हर (जीडीएएलमधला तो फॉरमॅट हाताळणारा भाग) मुख्य लायब्ररीत न मिसळता प्लगिन म्हणून वेगळा ठेवतो. ज्याला हवा त्यानं कंपनीकडून एसडीके घ्यावी, ‘यस’ स्वतः म्हणावं आणि प्लगिन बसवावं. जीडीएएल ३.९ पासून एक सोय झाली आहे: प्लगिन नसेल तर काय निरोप दाखवायचा तो पॅकेज बांधणाऱ्याला लिहून ठेवता येतो. पूर्वी नुसतंच ‘हा फॉरमॅट ओळखीचा नाही’ असं यायचं आणि लोक फाइल खराब आहे समजून सर्व्हेवाल्याशी भांडायचे. आता माझ्या पॅकेजमध्ये मराठीत येतं: फाइल ठीक आहे, वाचणारी लायब्ररी बंद परवान्याची आहे, कुठून घ्यायची ते पुढे वाचा. आणि हो, लायब्ररी घेताना जुनी आणि नवी एबीआय (बांधलेल्या कोडचे तुकडे एकमेकांना जोडायची पद्धत) पाहून घ्या. जीसीसी ५ या कंपायलरनं २०१५ मध्ये सी प्लस प्लसच्या स्ट्रिंगची आतली मांडणी बदलली, तेव्हापासून चुकीची जोडी लावली की ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणत सगळं बंद पडतं.

खरं तर यातले बरेचसे लोक ईसीडब्ल्यू निवडतच नाहीत. सर्व्हे करणाऱ्या एजन्सीनं दिलं म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडतं. तेव्हा वर्क ऑर्डर लिहितानाच एक ओळ घाला: ऑर्थोफोटो क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ या खुल्या फॉरमॅटमध्ये द्यावा. एजन्सीचा माणूस म्हणेल, साइज वाढेल साहेब. वाढू द्या. आत जेपेग कॉम्प्रेशन लावलं की ती काही आवाक्याबाहेर जात नाही, आणि हार्डडिस्क आपल्याला सीताबर्डीवर मिळते.