रिसेटची एक ओळ

आजचा पूर्ण दिवस डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे हे लिनक्स कर्नलला सांगणारी फाइल) एका ओळीने खाल्ला. आय-टू-सी कंट्रोलरच्या (सेन्सरसारख्या भागांशी दोन तारांवरून बोलणारा चिपमधला ब्लॉक) नोडमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदीत, 'रिसेट्स' लिहिलेलंच नव्हतं. या ब्लॉकची रिसेट लाइन कोणती, हे ती ओळ सांगते.

गंमत अशी की अनेक ड्रायव्हर रिसेट 'ऑप्शनल' म्हणून मागतात. ओळ नसेल तर कर्नल निमूटपणे पुढे जातो, एररही देत नाही. बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणारा प्रोग्राम) तो ब्लॉक आधीच रिसेटमधून बाहेर काढला असेल तर सगळं छान चालतं. बूटलोडर बदलला की तोच ब्लॉक रिसेटमध्ये अडकून राहतो: रजिस्टर वाचलं तर शून्य, काही चिपवर तर थेट बस हँग, म्हणजे सिस्टिमच गोठते. मग आपण आय-टू-सीच्या तारांवरच्या बिचाऱ्या पुल-अप रेझिस्टरवर संशय घेत बसतो!

'रिसेट्स'च्या ओळीतला रिसेट लाइनचा नंबरही नीट बघून लिहा. रिसेट कंट्रोलरसाठी कर्नलचा साधा 'रिसेट-सिंपल' ड्रायव्हर असेल आणि रजिस्टर ३२ बिटांचं, तर समजा नंबर ६९, म्हणजे एकाच रजिस्टरचा ६९वा बिट नव्हे. ६९ भागिले ३२, भाग २, बाकी ५. म्हणजे ऑफसेट ८ (प्रत्येक रजिस्टर ४ बाइटचं, २ गुणिले ४) वरच्या रजिस्टरचा बिट ५, मोजणी शून्यापासून. एकाने चुकलात तर शेजारचा ब्लॉक रिसेट होतो.

दोन कंट्रोलर एकच रिसेट लाइन वापरत असतील तर दोन्ही ड्रायव्हरनी ती 'शेअर्ड' म्हणून मागायला हवी. नाहीतर दुसऱ्याच्या हाती 'बिझी' एरर, उणे १६. उणे ५१७ दिसलं तर मात्र घाबरू नका, रिसेट कंट्रोलरचा ड्रायव्हर अजून लोड व्हायचाय एवढंच. तो कर्नल कॉन्फिगमध्ये आहे ना, तेवढं बघा.

आणि 'रिसेट-जीपीआयओज' वेगळं. ते बोर्डावरच्या बाहेरच्या पिनसाठी, चिपच्या आतल्या लाइनसाठी नाही.