आमची वाटचाल: रेडिएटरच्या जाळीपासून इंटरकूलरपर्यंत

वडिलांनी वागळे इस्टेटमध्ये रेडिएटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे. टाकी उघडायची, नळ्यांत रॉड मारून क्षार काढायचा, गळती सापडली की कथलाचा डाग द्यायचा, टाकी परत बसवायची आणि सगळं धूड हौदात बुडवून हवा भरायची. बुडबुडा आला नाही की काम झालं. हौद अजून आमच्याकडे आहे, फक्त पत्ता बदलून रबाळे एमआयडीसीत आला.

मग ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. त्यांना डाग देता येत नाही, फुटलं की नवीन टाकायचं. आजूबाजूच्या दुकानांपैकी कुणी एसी गॅसकडे वळलं, कुणी सीट कव्हरकडे. आम्हाला तारलं ते ट्रकांनी. टाटाच्या १६१३ वर ‘टीसीआयसी’ अशी अक्षरं असत, म्हणजे टर्बोही आहे आणि इंटरकूलरही. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, दाबताना ती तापते, आणि इंटरकूलर ती इंजिनात जाण्याआधी थंड करतो. हा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे उभा, चांगला दाराएवढा. खड्ड्यांच्या दणक्यांनी त्याची टाकी जोडावर तडकते. हवा तिथून निसटली की इंजिनला डिझेल मिळतं पण हवा कमी पडते, काळा धूर सुटतो आणि भरलेली गाडी घाटात दम टाकते. कळंबोलीच्या ट्रकमालकांना नवीन इंटरकूलरचा खर्च परवडत नव्हता, आणि सुटा भाग येईपर्यंत गाडी उभी ठेवणं त्याहून परवडत नव्हतं.

त्या कामासाठी आम्ही टिग वेल्डिंगचं मशीन घेतलं. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करायला एसी करंट आणि आर्गॉन लागतो, हे कुणीही सांगेल. खरी कटकट तेलाची. टर्बोतून येणारा तेलाचा अंश इंटरकूलरच्या आत साठलेला असतो. तो पूर्ण धुतला नाही तर वेल्डिंग करताना जोडात बारीक छिद्रं पडतात. वरून टाका सुंदर दिसतो आणि हौदात बुडबुड्यांची रांगोळी उमटते. आमचे जुने मिस्त्री अजूनही कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, जाळी स्वतः हुंगतात.

मोटारींकडे आम्ही वळलो ते ट्रकांमुळेच. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्टरच्या मुलाकडे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस होती, १.८ टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्तीची. या गाडीचा मूळ इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यामागे, चाकाच्या कमानीपुढे दडलेला, वहीएवढा. त्याने रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बोचा जादा दाब) वाढवला होता. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पहिला झटका जोरात, दुसरा बरा, तिसऱ्याला गाडी सुस्त. ‘तुम्ही ट्रकचे करता, मग माझ्या गाडीचाही करा,’ एवढंच त्याचं म्हणणं.

हे असं का होतं, ते आम्ही आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवतो. बाहेर ३५ अंश तापमान आहे आणि टर्बो एक बार बूस्ट देतोय असं धरा. म्हणजे हवेचा दाब दुप्पट होतो. टर्बोतल्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १३० अंशांच्या आसपास असते. चांगल्या इंटरकूलरने त्यातली ७० टक्के वाढ काढून टाकली की ती ६४-६५ अंशांवर येते. त्याच दाबाला, तेवढ्याच जागेत साधारण एक पंचमांश हवा जास्त मावते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप भलत्या वेळी पेटणं, टळतं. आत गरम हवा गेली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजिन वाचवण्यासाठी इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा पाडतो. तिसऱ्या झटक्याला गाडी सुस्त वाटते ती यामुळे. म्हणून आम्ही ‘अमुक अश्वशक्ती वाढेल’ असं सांगत नाही. पहिल्या झटक्याला जे मिळतं ते पाचव्यालाही मिळावं, यासाठी आमचं काम.

त्या आरएसच्या कामात दिवस गेले ते पाइपांमध्ये. जाळी बंपरमागे मधोमध उभी करणं तुलनेनं सोपं. टर्बोकडून येणारा आणि थ्रॉटलकडे जाणारा पाइप बॅटरी, हॉर्न, फॉगलॅम्प, वॉशरची टाकी यांतून वाट काढत न्यायचा, कुठेही घासू द्यायचा नाही आणि इंजिन हललं की त्याला हलायला जागाही ठेवायची, हे खरं काम. आधी पुठ्ठ्याचे साचे करतो, मग ॲल्युमिनियम कापतो. पाइपचा व्यास सव्वादोन-अडीच इंच पुरे. तीन इंचाचा आग्रह धरणाऱ्याला आम्ही विचारतो, टर्बोचं तोंड केवढं आहे? टोकांना बीड (उठावदार कडा) काढून घेतो, नाहीतर दाब आला की सिलिकॉन होज निसटतो. क्लॅम्प टी-बोल्टचेच. साधी जुबली क्लिप बूस्टपुढे टिकत नाही, आणि ती निसटते तेव्हा गाडी नेमकी पामबीचवर ओव्हरटेक करत असते.

बंपरचं प्लास्टिक लागेल तेवढं कापतो. त्यामागची क्रॅश बीम, म्हणजे धडकेचा दणका झेलणारी पट्टी, कापत नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं यावरून रागावून गेली आहेत. जाऊ देत.

आता एसीची गोष्ट. पुढून येणारी हवा आधी इंटरकूलरला, मग एसीच्या कंडेन्सरला, शेवटी रेडिएटरला मिळते. पुढचा अडथळा वाढला की मागच्या दोघांचा वाटा कमी होतो. कापूरबावडीच्या जाममध्ये टर्बो फारसा चालत नाही, त्यामुळे इंटरकूलर स्वतः काही तापवत नाही. पण रेडिएटरमधून गेलेली गरम हवा कडेच्या फटींतून परत पुढे येते आणि तीच पुन्हा ओढली जाते. इंटरकूलर तापून बसतो, एसी कोमट. या फटी फोमने आणि पत्र्याने बुजवल्या की निम्मा त्रास जातो. दुसऱ्यांनी बसवलेल्या गाड्या याच तक्रारीने आमच्याकडे येतात आणि बऱ्याचदा आम्ही त्यांत फटींशिवाय काहीच बदलत नाही.

जाळी जितकी मोठी तितकी बरी, हा समज इन्स्टाग्रामने पक्का केलाय. बंपरमधून चकाकणारी जाळी फोटोत छान दिसते. पण ती दाट असेल आणि आतून वाटेतच दाब पडत असेल, तर तेवढाच बूस्ट पुरवायला टर्बोला जास्त राबावं लागतं आणि तो हवा आणखी तापवतो. बार-अँड-प्लेटची जाळी जड आणि दणकट, झटक्यांची उष्णता पोटात घेते पण सावकाश थंड होते. ट्यूब-अँड-फिनची हलकी, लवकर निवते, पण दगड लागला की चेपते. ठाण्यातल्या रोजच्या गाडीला आम्ही बहुतेक वेळा मध्यम आकाराची दुसरी देतो आणि पुढे तारेची जाळी लावतो.

फोक्सवॅगन पोलोवाले बरेच येतात. १.२ टीएसआय गाड्यांत चार्ज कूलर, म्हणजे त्यांचा इंटरकूलर, इनटेक मॅनिफोल्डमध्येच (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या भागात) असतो आणि तो पाण्यावर चालतो. तिथे पुढे इंटरकूलर लावायचा म्हणजे मॅनिफोल्डच बदलायचा. आम्ही ‘नको’ म्हणतो, कूलंट आणि पंप तपासून देतो. अशा कामात पैसे कमी मिळतात, पण ती गाडी पुढच्या सर्व्हिसला परत येते.

कायद्याबद्दलही काम घेण्याआधीच बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीतल्या तपशिलांशी विसंगत फेरफार चालत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. नुसता इंटरकूलर आरसीवर कुठे लिहिलेला नसतो, पण वॉरंटी आणि विमा यांचा प्रश्न उरतोच. विमा कंपनीला लेखी कळवा असं आम्ही सांगतो. वॉरंटीतल्या गाडीला हात लावत नाही.

काम झालं की आधी सगळी लाइन बंद करून हवेने भरतो आणि जोडांवर साबणाचं पाणी मारतो. गळती मोटारीवर असो की ट्रकवर, बुडबुडा तोच. मग ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर, आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघत एक फेरी. कामाआधीची आणि नंतरची, दोन्ही नोंदी गिऱ्हाइकाला देतो. फरक पडला नसेल तर तोही त्यात दिसतो.

आज आमच्याकडे निम्मं काम ट्रकांचं आहे, आणि ते तसंच राहावं अशी आमची इच्छा आहे. मोटारींचं काम शनिवारी-रविवारी, आधी ठरवून. येताना टाकी भरलेली आणि गाडी थंड असावी. रीमॅप केलेली असेल तर ती कुणी आणि कोणत्या बूस्टला केली, ते लिहून आणावं. पावसाळा सरला की जुन्या गिऱ्हाइकांनी बंपर उतरवून जाळी धुऊन घ्यावी. ठाणे-बेलापूर रस्त्याचा चिखल फिन्समध्ये, म्हणजे जाळीच्या बारीक पात्यांत, वाळला की कितीही महागाची जाळी असो, तिचा पत्रा होतो.