मानमोडीतली आजी आणि वऱ्हाडची खानेसुमारी

1991 च्या जनगणनेत मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावर प्रगणक होतो. नवाच मास्तर. फेब्रुवारीत दुपारी घराघराला कुलूप. कोणी हरभरा सोंगायला, कोणी कापसाच्या शेवटच्या वेच्याला. म्हणून सकाळी सहालाच दारात उभा राहायचो.

वयाच्या रकान्यापाशी एक आजी म्हणाली, "मले का माहीत बापा? मानमोडीत माही माय गेली, तवा मी अंगावर पेत होती." मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. मी 73 लिहिलं.

तिथून जुन्या खानेसुमारीचा, म्हणजे तेव्हाच्या जनगणनेचा, नाद लागला. 1872 ची पहिली, लॉर्ड मेयोच्या काळातली, असं आम्ही पोरांना शिकवतो. पण ती एका दमात झालीच नाही. ज्या त्या प्रांतानं आपल्या सवडीनं मोजलं. वऱ्हाडची मोजणी 1867 मध्येच उरकली होती. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. नागपूर-वर्धेकडची त्याच्या एक वर्ष आधी, कारण तो मध्यप्रांत, म्हणजे इंग्रजांचा वेगळा प्रांत. आपला विदर्भ तेव्हा दोन वेगळ्या वह्यांत होता!

देशभर एकाच वेळी मोजणी झाली ती 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री. आधी घरांना नंबर टाकून माणसं लिहून ठेवायची आणि त्या रात्री कोण आलं, कोण गेलं ते दुरुस्त करायचं. आम्हाला वीस दिवस मिळायचे, वर मार्चचे पाच दिवस फेरतपासणीला, तरी दमछाक. मळ्यात जागलीवर गेलेल्या माणसाला त्या रात्री कोणी गाठलं असेल? वऱ्हाडचा आकडा निघाला 26,72,673. त्यातला शेवटचा तीन मला काही पटत नाही.

1891 ला वऱ्हाड 28.97 लाखांवर गेलं आणि 1901 ला 27.54 लाखांवर उतरलं. मधे 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ. 1921 ला तर अख्ख्या देशाचीच संख्या घटली, ती मुख्यतः मानमोडीनं. त्या घटीत आजीची माय होती.

मार्चमध्ये फेरतपासणीला गेलो, तर आजी ओट्यावर तूर पाखडत होती. "गुरुजी, माह्या मायचं नाव लिवलं का?"

मी हो म्हणालो.