आमच्यातली कर्जमाफी

सोसायटीच्या सचिवाची नोकरी तीस वर्षं केली. नगर जिल्ह्यातल्या गावची, शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी विविध कार्यकारी सोसायटी म्हणजे एक खोली, एक लोखंडी कपाट, भिंतीवर थकबाकीदारांची यादी आणि बाहेर बाकावर टेकलेले चार जण. त्या बाकावरून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न पीककर्जाचा नव्हता.

"भाऊसाहेब, तुम्हा ख्रिश्चन लोकांचं बरंय. देवानं सगळं माफ केलं म्हणता. मग पुढं नियम कशाला पाळायचे? कर्जमाफी झाल्यावर कोण भरतंय का?"

विचारणारा आमचा एक सभासद. माझ्याच वयाचा, जन्मात कधी कर्ज थकवलं नाही. त्यामुळे त्याच्या प्रश्नात निम्मी चेष्टा असायची आणि निम्मं दुखणं. २००८ ची माफी थकलेल्यांना होती, ह्याच्याकडे थकीत नव्हतंच. २०१७ ला दीड लाखापर्यंतचं थकीत गेलं. २०१९ च्या शेवटी दोन लाखांपर्यंतची माफी आली, आणि नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळणार असं पाठोपाठ जाहीर झालं. ते खात्यात पडायला २०२२ ची दिवाळी उजाडली. तोवर तो दर आठवड्याला बाकावर.

आधी सिनेमातला तो पापाची कबुली द्यायचा जाळीचा लाकडी खोका बाजूला ठेवू. तो कॅथलिकांच्या देवळात असतो; आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत नाही. आणि तिथेही नुसतं सांगून सुटका नसते. पश्चात्ताप हवा, कबुली हवी, प्रायश्चित्त हवं, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा. कृपा आणि कर्म ह्यांवरून १५१७ पासून ह्या दोघांत जे भांडण लागलं, त्यातल्या मुख्य मुद्द्यावर लूथरन (मार्टिन लूथरला मानणारे प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक मंडळींनी १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी एका कागदावर सह्या केल्या. पापातून सुटका देवाच्या कृपेनं, आणि सत्कर्म हे त्याचं फळ, एवढं दोघांना मान्य झालं. पावणेपाचशेहून जास्त वर्षं लागली. आमच्याकडे बांधाचे दावेही त्यामानानं लवकर मिटतात.

आता कर्जमाफी. ही तुलना मला आवडते, कारण ती बायबलातच आहे. प्रभूची प्रार्थना आम्ही मराठीत म्हणतो तिच्यात पाप हा शब्द येत नाही. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा, तिच्यात पापाला आणि कर्जाला एकच शब्द चालायचा. शब्बाथशाळेत ही ओळ घोकली तेव्हा ऋणी म्हणजे कोण हे कुठं माहीत होतं! नोकरीला लागल्यावर ते रोज समोर येऊन बसायला लागले.

बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूनं सांगितलेला एक दाखला आहे. राजाच्या एका चाकराकडे दहा हजार तालांत येणं निघतं. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. एकही खाडा न करता दीड लाखाहून जास्त वर्षं कामाला जावं लागेल. आणि तो गडी पाया पडून म्हणतो काय, तर थोडं सांभाळून घ्या, सगळं फेडतो! सचिवाच्या डोळ्यांनी बघा. त्यानं माफी मागितलेलीच नाही. त्यानं मुदतवाढ मागितली, आमच्या भाषेत पुनर्गठन. राजानं ते दिलंच नाही. त्यानं सगळं सोडून दिलं.

हा बाहेर पडतो, आणि शंभर दिनार देणं असलेल्या सोबतच्या चाकराचा गळा धरतो. माझा आपला तर्क असा, की माफी झाली हे त्याला पटलंच नव्हतं. डोक्यात अजून हप्तेच चालू होते, म्हणून वसुलीला निघाला. पुढे राजा दिलेली माफी रद्द करतो. देवळात हा भाग जरा घाईनं वाचला जातो.

मुदतवाढ मागणारे मी खूप पाहिले, पण ह्या गड्याला ओळखतो तो माझ्या स्वतःवरून. नोकरीचं दुसरं की तिसरं वर्ष, मार्चअखेरची वसुली. संध्याकाळी रोजकीर्द आणि रोकड जुळेना, १,८४० रुपये कमी. माझा पगार तेव्हा दोन हजारांच्या आत. तीनदा मोजलं, कपाटाखाली बॅटरी मारून पाहिलं. कोणाला तरी जास्तीचे परत दिले असणार, दुसरं काही नाही. चेअरमन अजून बसूनच होते. गळ्यात तुळशीची माळ, दर वर्षी पंढरीची वारी. त्यांनी कोपरीच्या खिशातून पैसे काढले, मोजले, पेटीत टाकले. "लिहा, रोकड बरोबर."

मी म्हणालो, महिन्याला शंभर शंभर करून फेडतो. ते म्हणाले, "मागितलेत का तुमच्याकडं?" चपला घालता घालता मागं वळले. "पण भाऊसाहेब, नोटा मांडीवर घेऊन नका मोजू. टेबलावर मोजत जावा."

पुढची सगळी नोकरी मी टेबलावर मोजलं. ते चार वर्षांत वारले, म्हणजे धाक राहिला नव्हता. आणि टेबलावर मोजणं ही त्या १,८४० ची फेडही नव्हती. नोटा नीट मोजून कोणाचं देणं फिटतं का? तरीही त्यांनी सांगितलेलं मोडावंसं कधी वाटलं नाही. प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे, बाकी सगळी त्याची टिपणं.

त्यांनी बायबल उघडलंही नसेल, पण क्रम बरोबर लावला होता. आधी पैसे भरले, मग नियम सांगितला. दहा आज्ञांचा क्रम हाच आहे, आणि लोक नेमका तोच विसरतात. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पहिली आज्ञा यायच्या आधी देव इस्राएल लोकांना सांगतो, की मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून तुला बाहेर आणणारा तो मी. सुटका होऊन गेलेली आहे, तांबडा समुद्र मागं पडलेला आहे, मग सीनाय डोंगरावर आज्ञा. आज्ञा पाळल्यास तर मिसरातून काढीन, असं कुठंही नाही. व्यभिचारात सापडली म्हणून दगड मारायला लोकांनी धरून आणलेल्या बाईलाही येशू आधी म्हणतो, मीही तुला दोषी ठरवत नाही. मग म्हणतो, जा, पुन्हा पाप करू नकोस. ही दोन वाक्यं उलटी लावून बघा, सगळा धर्मच बदलतो.

बाकावरचा मित्र इथं हटकायचा. सरकारची माफी घेऊन पुन्हा थकलेले त्यानं पाहिलेत, मीही पाहिलेत. तसे आमच्या मंडळीतही आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. हा प्रश्न येशूचा पहिल्या पिढीतला प्रचारक पौल ह्याच्या काळातच आला होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच विचारतो, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय? आणि लगेच झिडकारतो. हिटलरच्या जर्मनीत बोनहोफर नावाच्या पाळकानं ह्या वृत्तीला नाव दिलं, स्वस्त कृपा. पश्चात्तापावाचून क्षमा, आणि ख्रिस्तामागं चालण्यावाचून ख्रिस्त. हे १९३७ साली लिहिलं. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिलं.

शिवाय माफी म्हणजे पैसे हवेत विरत नाहीत. बँकेला ते कोणीतरी भरतंच, खतावणीत जमेला नोंद लागतेच. सरकार तिजोरीतून भरतं, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून, म्हणून घेणाऱ्याला कोणाचा चेहरा दिसत नाही. आमचं म्हणणं असं, की इथं ज्याचं येणं होतं त्यानंच भरलं. कलस्सैकरांच्या पत्रात पौल लिहितो की आपल्याविरुद्धचं ऋणपत्र ख्रिस्तानं खोडलं, वधस्तंभाला खिळून टाकलं. हे वाचताना मला सातबाऱ्यावरचा इतर हक्कांतला बोजा आठवतो. तो उतरल्यावर काही जण उतारा हातात धरून नुसतेच उभे राहायचे.

नियमित असण्याचाही एक धोका असतो, आणि तो मला जास्त लागू आहे. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, देवळात वेळेवर, उपासना चुकवायची नाही, आणि आत कुठंतरी देवाकडे चालू खातं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात झाला. पण आपल्याला तेव्हा धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, तो काही वर्षांनी उमगला, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. आणि हे उमगल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. दुष्काळातल्या मुली आणि विधवा गोळा करून त्यांनी केडगावला मुक्ती हे आश्रयस्थान उभं केलं.

त्या मित्राला एकदा उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. धाकटा सगळं उडवून घरी येतो. मला मोलकऱ्यासारखं ठेवा, असं म्हणायचं तो वाटेत ठरवून आलेला, पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याच्या आतच बाप अंगरखा मागवतो. घरात जेवणावळ, गाणं. थोरला शेतावरून येतो आणि अंगणातच थांबतो. इतकी वर्षं राबलो, तुमची एक आज्ञा मोडली नाही, मला साधं करडू दिलंत का? बाप बाहेर येऊन समजावतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे.

"बरोबर बोलला की थोरला," मित्र म्हणाला. मग जरा वेळानं, "गेला का शेवटी आत?"

"लिहिलेलं नाही."

"नसंल गेला," तो म्हणाला. "पन्नास हजाराची वाट बघत बसला असंल बाहेर."